आवळलेलं चाक

आप्पा, माझ्या सायकलचं मागचं चाक आवळताना तुमच्या मनात काय होतं? आठवडाभर मी हा प्रश्न घेऊन फिरतेय. वर्गात फळ्यापाशी उभी असते, मुली उतरवून घेत असतात, आणि एकदम तुमचा पाना धरलेला हात दिसतो. पुढचं वाक्य मी विसरून जाते.

झालं असं. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते. पुढे कॉलेजला नगरला एसटीनं जात राहिले, त्यामुळे सायकल पडवीतच उभी राहिली. आता मी आपल्याच फाट्यावरच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली एक मुलगी खाणीपलीकडच्या वस्तीवरून पायी येते. तिला ती सायकल द्यावी म्हणून मी काकांच्या दुकानात घेऊन गेले. तुमच्या शेजारी बसून ज्यांनी उभा जन्म पंक्चरं काढली, ते काका. हल्ली त्यांच्याकडे मोटारसायकलीच जास्त येतात, पण सायकलचं काम आलं की अजून खुशीनं खाली बसतात. मुलीचे वडील सायकल न्यायला आले होते. भला माणूस. मला दोनदोनदा हात जोडले. मग काकांकडे वाकून म्हणाले, "काका, पोरीची सायकल हाय. जरा आवळूनच द्या."

काकांनी चाक हातानं फिरवलं. ते अर्धा फेरा जाऊन थांबलं. काका हसले. "आवळायची गरजच न्हाई. हिच्या बापानं आवळून ठिवलीय, ती आजून तशीच हाय!"

दोघेही हसले. मीसुद्धा हसले, आप्पा, कारण मला काही कळलंच नव्हतं. मग काकांनी चाक खोललं. इतक्या वर्षांत ग्रीस वाळतं हे मला माहीत आहे, पण वाळलं तरी त्याची काळी खपली मागे राहते. इथं खपलीही नव्हती. नुसता तांबडा गंज होता, आणि ज्याच्यावर चाकातल्या बारीक लोखंडी गोळ्या, म्हणजे छर्रे, फिरतात त्या कोनाला खोल चरी पडल्या होत्या. मी विचारलं, "काका, हे काय?"

"आगं, रीत हाय ती. पोरीच्या सायकलला ग्रीस भरायचं न्हाई आन् कोन आवळून टाकायचा. जड सायकलवाली पोर लांब जात न्हाई, एकटी म्होरं पळत न्हाई, घोळक्यात ऱ्हाती. गावातले बाप गपचूप सांगून जायचे. तुला ठावं न्हाई व्हय?"

"आणि आप्पा?"

"त्याला कुनी सांगायला लागतंय व्हय? त्यानंच तर मला शिकवलं."

मी खाली बसले, तुमच्या जागेवर, पोत्यावर.

मला ग्रीस भरायला तुम्हीच शिकवलंत. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मी तुमच्यासमोर उकिडवी बसलेय. रॉकेलात धुतलेले छर्रे ताटलीत चमकतात. तुम्ही बोटावर पिवळं ग्रीस घेता, चाकाच्या मधोमध हबच्या वाटीत गोल फिरवता आणि म्हणता, "हितं कंजुषी करायची न्हाई. छर्रा लोण्यात बसल्यावानी बसला पायजे." मी एकेक छर्रा दाबत जाते. चाक जोडून फिरवलं की ते आवाज न करता फिरतच राहतं, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता, "माझ्या लेकीनं भरलंय." ती सगळी मुलांची आणि बाप्यांची चाकं होती, हे मला आत्ता कळतंय. मुलींच्या सायकली तुम्ही स्वतः करायचा. मला वाटायचं, लेडीज सायकल नाजूक असते म्हणून.

घोळक्यात राहते म्हणे! माझ्या मैत्रिणींना शाळेतून नव्या सायकली मिळाल्या होत्या. त्या तुमच्या हाताखालून गेल्या नव्हत्या. शाळेच्या वाटेवर खाणीच्या चढाला त्या गप्पा मारत पुढे निघून जायच्या आणि मी मागे पडायचे. एकटी. खडीचे डंपर अंगावर धूळ उडवत जायचे. मोटारसायकलवरची पोरं माझ्या चाकाला चाक लावून चालवायची. "काय गं, ढकलू का?" हे मी घरी सांगितलं नाही, कारण शाळा बंद होईल अशी भीती वाटायची. तुम्हाला ज्याची भीती होती ते मला तुमच्या आवळलेल्या चाकामुळेच भेटत होतं, आणि संध्याकाळी दुकानावरून जाताना मी तुम्हाला हात करायचे.

रात्री आई चुलीपुढे बसून माझ्या पोटऱ्यांना कोमट तेल चोळते. तुम्ही समोर भाकरी कुस्करताय. मी म्हणते, आप्पा, मला पोलीस भरतीला जायचंय. तुम्ही ताटातून मान वर न काढता म्हणता, "तुझ्या पायात जोर न्हाई बाई. तू मास्तरीण हो." आई चोळत राहते. तुम्ही कालवण मागून घेता. मी ते खरं मानलं, आप्पा. मैदानावर पाऊलसुद्धा टाकलं नाही. माझे पाय कसे आहेत हे मी कधी बघितलंच नाही.

आणि त्याच वर्षी जयंतीला तुम्ही विहारासमोर उभे राहून बोललात, पोरींना शिकवा, पोरींना अडवू नका. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. ते खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी आहे, आणि शाळेच्या दारापर्यंत मला तुम्हीच नेलंत. बोलणारा माणूस आणि पाना फिरवणारा माणूस एकच होता, हे अजून माझ्या डोक्यात बसत नाही.

मी काकांच्या हातातून पाना घेतला. नवा कोन, नवे छर्रे मागितले आणि ग्रीस भरायला बसले. मुलीचे वडील अस्वस्थ झाले. "मॅडम, हलकी झाली तर पोर एकटीच जाईल की खाणीवरनं."

"जाईल. मी जड सायकलवर एकटीच मागे राहायचे."

ते सीटवरची धूळ पुसू लागले. काका मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, ह्ये भाईर काढू नको. फाट्यावर आजून लोक तुझ्या बापाचं नाव घेत्यात."

सायकल मुलीला द्यायच्या आधी मी स्वतः खाणीच्या चढापर्यंत नेली. मनाची तयारी केली, उभी राहून जोर लावायच्या बेतात होते, आणि सायकल बसल्याबसल्या चढून गेली. मी वर पोहोचले. पाय दुखत नव्हते.

हे मी आईसमोर लिहीत नाहीये. तिला वाचता येत नाही, तरीही. तिला ठाऊक होतं का, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही. आणखी एक कबूल करते. ती मुलगी पहिल्यांदा चढावरून एकटी दिसेनाशी झाली तेव्हा मी ओरडले, "हळू जा गं!" तिला ऐकूच गेलं नाही.

काकांना मी काही वचन दिलं नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी सगळ्या मुलींना आपापल्या सायकली मैदानात उलट्या करायला लावल्या, ग्रीसचा डबा मधे ठेवला आणि ही रीत काय होती, का होती, ते सांगितलं. एका मुलीनं विचारलं, मॅडम, असं कोण करायचं? मी तुमचं नाव सांगितलं, आप्पा.