दुसरा पंखा

१९ एप्रिल, नागाव

दादाने आज व्हॅनला रेडिएटरपुढे दुसरा पंखा बसवला. घाटात इंजिन तापतं, म्हणून. नव्या पंख्याचा फ्यूज सारखा उडत होता. शेवटी त्याने फ्यूजच काढला आणि वायर थेट बॅटरीला जोडली.

‘डायरेक्ट केलाय. आता उडायला काय राहिलंच न्हाय.’

मी वायरला बोट लावलं. गरम होती.

‘फ्यूज उगाच उडतो का रे?’

‘मास्तरीणबाई, तुम्ही कविता शिकवा.’

उद्या सकाळी आईला त्याच व्हॅनमधून डायलिसिसला पनवेलला न्यायचं आहे. मागच्या सीटवरून तिला एकटीला उतरता येत नाही. दार उघडायलाही कोणीतरी लागतं.

जेवताना गाडीची चावी दादाच्या ताटाशेजारी होती. अंगणात बंद व्हॅनचा नवा पंखा फिरतच होता.

‘इंजिन थंड झालं की होईल बंद,’ दादा म्हणाला.

कशाने होईल? मध्ये बटण-बिटण काही ठेवलंय का त्याने? ती वायर एवढी गरम का होती?

हे लिहिताना पंख्याचा आवाज थांबला. चावी अजून टेबलावरच आहे.

‘बघ, झाला ना बंद,’ दादा आतून म्हणाला.

खिडकीतून जळक्या रबराचा वास येतोय. उठते.