घरची जोडी

प्रिय वर्षाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, एवढी विनवणी आधीच करतो. फोन तू उचलत नाहीस. गणराज दारातूनच "ताई झोपलीय, दाजी" म्हणून परत पाठवतो. काळेवाडीहून सांगवी ती किती लांब? पण पाच महिने झाले, मला काही तुझ्यापर्यंत पोचता आलं नाही.

टीव्हीवरची ती 'घरची जोडी' सहाव्या आठवड्यातच बंद पडली, हे तुला कळलंच असेल. कंपनीत ज्ञानेश अजून विचारतो, "राव, मूळची 'सुरांची चावडी' घराघरात चालायची, मग तिचंच हे भावंड का आपटलं?" मी प्रेस मशीनमध्ये पत्रा सरकवत राहतो. उत्तर मला ठाऊक आहे. त्यात माझाही हात आहे.

आपण 'चावडी' बघायचो तेव्हाची ती वीटभट्टीवरची बाई आठवते? चौदा आठवडे ती नुसती गायली. पंधराव्या आठवड्यात गाणं संपल्यावर सहज बोलून गेली, की नवरा गेल्यापासून हे गाणं आज पहिल्यांदाच तोंडात आलं. तू निवडायची मेथी बाजूला सारून रडलीस. तिला कुणी रडायला सांगितलं नव्हतं. तोवर ती आपल्या घरातलीच झाली होती.

'जोडी'वाल्यांना इतका धीर नव्हता. परीक्षक तेच, रंगमंच तोच, पडदा तेवढा नवा. पंधराव्या आठवड्याचं रडू त्यांना पहिल्याच भागात हवं होतं. निवडीच्या दिवशी आपण गायलो, तेव्हा त्यांची ती सलोनी काय म्हणाली? "सूर छान आहेत, पण तुमची स्टोरी काय?" तू म्हणालीस, "स्टोरी कसली? दोघं मिळून गातो, एवढंच." तिनं वही मिटली. मी ती वही मिटताना बघितली आणि घाबरलो गं. चाकणला अकरा वर्षं एकाच मशीनसमोर उभा राहिलेला माणूस मी. हेही गेलं तर आता दुसरं काही येणार नाही, असं वाटलं. तू साडी बदलायला गेलीस आणि मी तिला आपल्या मुलीचं सांगितलं. आठव्या महिन्यात पोटातच गेलेल्या आपल्या लेकीचं. तिचं नावसुद्धा सांगितलं. दवाखान्यात तू ते माझ्या कानात सांगितलं होतंस, तुझ्या आईलाही कळू दिलं नव्हतंस. इथं मी ते लिहीत नाही.

शूटिंगला ते नाव मागच्या पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत उमटलं. तू आधी पडद्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. दुसरं कडवं तू उचललंच नाहीस. कॅमेरा तुझ्या तोंडाशी आला, परीक्षकांनी डोळे पुसले आणि सलोनीनं मला लांबूनच अंगठा उंचावून दाद दिली. आपल्यानंतर तीन जोड्या आल्या. कुणाचं घर जळालेलं, कुणाचा बाप गेलेला. सगळ्या रडल्या. बघणाऱ्यांना ते कळलं, वर्षाली. ओळख व्हायच्या आधीच सांत्वन मागत आलेल्या माणसांना कोण घरात घेईल? त्यांनी चॅनल बदललं. गाणं कसं होतं, हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरलीस. "तू गाणं नाही विकलंस, तिला विकलंस," एवढंच बोललीस. मी म्हणालो, आपल्या दोघांसाठीच केलं. ते खोटं होतं. मी माझ्यासाठी केलं. ती क्लिप काढून टाका म्हणून चॅनलच्या ऑफिसात तीनदा जाऊन आलो. कागदावर तुमची सही आहे म्हणतात. कंपनीच्या बसमध्ये परवा कुणीतरी ती मोठ्या आवाजात लावली, तर मी मोशीलाच उतरलो आणि पुढं चालत गेलो. गिरजाबाईंनी सोसायटीच्या कार्यक्रमात गायला बोलावलं होतं. उभा राहिलो आणि न गाताच खाली उतरलो.

हे सगळं सांगायला मी लिहायला बसलो नाही. मंगळवारी तुझे उन्हाळ्याचे कपडे पिशवीत घालून सांगवीला आलो होतो. औषधाच्या दुकानातून तू बाहेर पडलीस. एक हात कमरेवर, पाऊल जपून टाकत. ती चाल मी ओळखतो. सहावा संपत आला असेल ना? जाताना तुला ठाऊक होतं का? मला का सांगितलं नाहीस, हे विचारायला मला तोंड नाही. हाक मारली नाही, पिशवी घेऊन तसाच मागं फिरलो. कुणाला म्हणजे कुणालाही बोललेलो नाही, आईलाही नाही. पण सातवा सरला की आठवा लागेल, वर्षाली. तू पोटावर हात ठेवून एकटीच हालचाल मोजत बसशील, या विचारानं मला मशीनवर उभं राहवत नाही. मला घरात घेऊ नकोस, बोलूही नकोस. फक्त दवाखान्यात जायचा दिवस गणराजकडून कळव. मी बाहेर बाकावर बसून राहीन. कुणी विचारलं तर मी तुझा कोण, हेसुद्धा सांगणार नाही.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच,
रविराज