खोकरू

३ जून
शाळेला माझा रोबो पसंत पडला तर वर्षभराचा कार्यक्रम मीच चालवणार. पडेलच. धूम्रपानाविरुद्ध आजवरचं शिक्षण म्हणजे काळ्या फुफ्फुसाचं पोस्टर आणि त्यापुढे जांभया. माझ्या रोबोच्या गेममध्ये पडद्यावरचा मित्र सिगरेट पुढे करतो. मूल ‘ओढ’ म्हणालं की रोबो खोकतो, ‘सोड’ म्हणालं की टाळ्या वाजवतो. चुकण्यासारखं काही नाही.
धुराचा सेन्सरही बसवलाय. तो तपासायला धूर लागतो, म्हणून सिगरेट. मी ओढत नाही. तपासते.

५ जून
आई म्हणाली, कपड्यांना वास येतोय. सोल्डरिंगचा, म्हटलं. बाबांच्याही शेजारी कायम कुणीतरी ओढणारा बसलेला असायचा, म्हणे. टोमणे तिला शोभत नाहीत.

१० जून
पहिला प्रयोग. मुलं मठ्ठ. ‘ओढ’ला रोबो खोकतो हे क्षणात कळलं, मग ‘सोड’ कोण म्हणतंय! बाक ओढ, दप्तर ओढ, हिची वेणी ओढ. रोबो खोकून खोकून भिंतीला टेकला. मी नाव ‘श्वासमित्र’ ठेवलं होतं. त्यांनी ‘खोकरू’ केलं.
मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, मुलं आज नक्की काय शिकली? शुक्रवारी शेवटची संधी. शिक्षणाची दुर्दशा का आहे ते कळलं.

१२ जून
कान बंद केले. रोबोचे. आता फक्त सेन्सर. शब्दांवर विसंबणं ही भाषावाल्यांची खोड. यंत्राला धूर पुरतो. इतका तीक्ष्ण केलाय की कपड्यांतला वासही पकडेल.
उद्यापासून तपासणी बंद. गरजच उरली नाही.

१४ जून, सकाळी
शाळेमागच्या गल्लीत अखेरची तपासणी. रोबो गाडीतच राहिला. हरकत नाही.

१४ जून, दुपारी
मुलांनी ‘ओढ’चा गजर केला. रोबो ढिम्म. मी बाईंकडे बघितलं, जरा वरूनच.
मग तो वळला, बाकांमधून वाट काढत माझ्यापाशी आला आणि असा खोकला की त्याचे दिवे लुकलुकले. वेणीवाली म्हणाली, पण ताई तर काहीच बोलल्या नाहीत! सेन्सर बिघडलाय, असं मी सांगितलं. दोन पावलं सरकले. तोही सरकला.
बाई म्हणाल्या, रोबो उत्तम आहे, ठेवून जा. कार्यक्रम आमचे चित्रकलेचे सर बघतील.
दारापर्यंत तो मागे, खोकत. सगळा वर्ग एका सुरात ओरडत होता: सोड! सोड!
रोबोला म्हणत असतील.
पण त्याचे तर कान बंद आहेत.