जसं आहे तसं उतरवलं

सोमवार, ६ मार्च १९६७

पोहोचलो एकदाचा! नगरहून मनमाड, मनमाडहून चाळीसगाव आणि तिथून धुळ्याची ती रखडत जाणारी गाडी. तोंडावर कोळशाची एवढी काजळी की सख्ख्या आईने ओळखलं नसतं. शास्त्रशाळा पांझरा नदीच्या पलीकडे, गावाबाहेर. बावीस विद्यार्थी, तीन शिक्षक, मी चौथा. मुख्य म्हणजे रेव्हरंड आधारराव. सगळे त्यांना आबा म्हणतात. सत्तरीचे, आवाज मऊ, पण नजर अशी की आपल्या खिशात काय आहे तेही त्यांना दिसत असावं. माझ्या खोलीच्या दारावर पाटी आधीच लावून ठेवलेली: “            , शास्त्रशिक्षक”. लाल रंगात, अक्षरं जरा तिरकी, पण छाती फुगली. खोटं कशाला लिहू!

एस्तेरला लगेच पत्र टाकलं. नाताळात लग्न झालं आणि महिन्याभरात ती परत नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला पळाली. मे महिन्यात ती इथल्याच दवाखान्यात रुजू होणार, आबांनी तसा शब्द दिलाय. तोवर मी, माझी ट्रंक आणि शेवंताबाईंच्या हातचा ठेचा. या इथल्या स्वयंपाकीण. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढलं बाईंनी, आणि वर हसल्या.

गुरुवार, ९ मार्च

इथली एक चाल ऐकून थक्क झालो. ही मंडळी अख्खं पवित्र शास्त्र हाताने उतरवून काढतात. छापील प्रती कपाटभर पडल्यात, तरी! आबा म्हणतात, वाचलेलं डोळ्यांत राहतं, लिहिलेलं हाडांत उतरतं. ज्याला एक ओळ इमानाने उतरवता येत नाही त्याने मंडळीपुढे उपदेशाला उभं राहू नये.

प्रत्येक शिक्षकाने रोज सकाळी एक पान लिहायचं. मग पंडित मास्तर, म्हणजे इथले सगळ्यांत जुने शिक्षक, बोट ठेवून शब्दन्‌शब्द ताडून बघतात. चूक निघाली तर खाडाखोड चालत नाही. ते पान अंगणातल्या कडुनिंबाखाली पुरायचं आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिहायचं. बरोबर उतरलं तर खाली लिहायचं, ‘जसं आहे तसं उतरवलं’, आणि सही करायची. शाळेत माझं अक्षर नेहमी पहिलं यायचं, त्यामुळे मला धास्ती नाही. पण वाट्याला आल्या वंशावळी! अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. कोण वाचतंय हे? माझ्या आधीची चाळीसेक पानं कुणाच्या हातची, असं विचारलं तर आबा म्हणाले, कुणाच्याच नाहीत.

सोमवार, २० मार्च

हे लोक काहीतरी लपवताहेत. माझ्या खाटेखाली जुन्या चपला सापडल्या, माझ्या पायाला मोठ्या. खुंटीला छत्री. फळीवर अर्धी संपलेली दंतमंजनाची डबी. आधी इथे कोण राहायचं, असं शेवंताबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, आठे कोनीच नव्हतं मास्तर, खोली बठ्ठी रिकामीच व्हती. मग काय चपला आपल्या पायांनी चालत आल्या?

ती चाळीस पानं आज नीट पाहिली. सुंदर अक्षर, माझ्याहून सुंदर. प्रत्येक पानाखाली ‘जसं आहे तसं उतरवलं’, आणि सहीची जागा कोरी.

कचेरीत गेल्या वर्षीचा फोटो आहे. चार खुर्च्या, माणसं तीन. चौथ्या रिकाम्या खुर्चीवर पंडित मास्तरांचा हात हवेत तरंगतोय, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, माशी हाकलत असेन. फोटो काढताना माशी!

माझा आपला अंदाज: कुणा शिक्षकाने काही भानगड केली, आबांनी त्याला हाकललं आणि त्याचं नाव घ्यायची सगळ्यांना बंदी केली. धर्माच्या जागी असलं पाणी फार खोल असतं.

मंगळवार, ११ एप्रिल

ऊन असं की दौतीतली शाई वाळते. पंडित मास्तर पुतणीच्या लग्नाला जामनेरला गेलेत. आबा म्हणाले, तोवर तुमचं पान तुम्हीच ताडा, तुमच्या इमानावर सोडलं.

आजचं पान दोनदा चुकलं, दोनदा पुरलं. तिसऱ्यांदा बसलो. इतक्यात एस्तेरचं पत्र आलं, चहाही आला. दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत होत्या. नजर वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर गेली आणि मधली राहिली. पान संपल्यावर लक्षात आलं. एका माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, बस्स. त्याने काही केलं नाही, कुठे लढला नाही, काही बोलला नाही. चौथ्यांदा लिहू? चहा निवत होता. लिहिलं, ‘जसं आहे तसं उतरवलं’. सही ठोकली.

एस्तेर पास झाली! अकरा मेला येतेय.

रविवार, १६ एप्रिल

आबांनी आज शास्त्राच्या अगदी शेवटच्या पानावर उपदेश केला. या वचनांतून जो काही वगळील त्याचा वाटा देव वगळील. माझे कान तापले. यांना कळलं की काय? कडुनिंबाखाली कुणी उकरून पाहिलं? पण ते पान तर मी पुरलंच नव्हतं.

सांगून टाकावं असं दोनदा वाटलं. पण पंडित मास्तर फिदीफिदी हसतील.

सकाळच्या हजेरीत माझं नाव घेतलं नाही. विसरले असतील.

सोमवार, २४ एप्रिल

विसरले कसले! मुद्दाम चाललंय. आठ दिवस हजेरीत नाव नाही. आज जेवायला माझं ताटही मांडलं नव्हतं. मागितलं तेव्हा शेवंताबाईंनी दिलं, पण पाहुण्याला देतात तसं, संकोचून.

दारावरची पाटी कोरी आहे. खरवडलेली नाही, लाल डागसुद्धा नाही. आईचं पोस्टकार्ड आलं: “चि.            यास अनेक आशीर्वाद”. मधली जागा मोकळी. टपाल आधी शाळेच्या कचेरीत येतं, तिथेच कुणीतरी पुसलं. पंडित मास्तरच! त्या चपलावाल्याला असंच छळून घालवलं असणार. मी नाही जायचा. एस्तेर येईपर्यंत ठाण मांडून बसेन.

ट्रंकेला कुलूप लावलंय. किल्ली गळ्यात.

मंगळवार, २ मे

वर्गात गेलो. विद्यार्थी उभे राहिले, नम्रपणे. एकाने विचारलं, भाऊ, कुठल्या गावचे?

भर दुपारी सगळे झोपलेले असताना कचेरीतलं कपाट उघडलं. माझी पानं. अक्षर माझं. सह्यांच्या जागा कोऱ्या.

त्या चाळीस पानांतलं शेवटचं पान छापील प्रतीशी ताडलं, पंडित मास्तरांसारखं बोट ठेवून. त्यातही एक ओळ नाही.

मग ही वही उघडली. सहा मार्च. पाटीवरचं नाव मी इथे लिहिलं होतं. मोठ्या ऐटीत लिहिलं होतं! तिथे आता नुसता कागद. वही कुलपात होती. किल्ली गळ्यात होती. याला कुणाचाच हात लागलेला नाही.

पंडित मास्तर, क्षमा करा मला.

शनिवार, ६ मे

आबांकडे गेलो. पाय धरले. ओळ सोडली, सही खोटी केली, सगळं सांगितलं. ते पान पुरतो म्हटलं, पुन्हा लिहितो, शंभरदा लिहितो — फक्त लिहू द्या.

त्यांनी मला खाली बसवून पाणी दिलं. प्रेमाने म्हणाले, भाऊ, परक्या माणसाचा हात त्या पानांना लागू देत नाही, हा इथला नेम. नाव काय तुमचं?

सांगितलं. त्यांनी कान पुढे केला. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडलो. ते तसेच वाट बघत राहिले.

कपाटाला आता कुलूप आहे.

मंगळवार, ९ मे

ती ओळ मला पाठ आहे. खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहिली. पाटीवर लिहिली. मातीत लिहिली. उपयोग नाही — ती तिथेच लिहायला हवी —

त्या माणसाबद्दल सगळ्या शास्त्रात तेवढीच ओळ होती. दुसरीकडे तो कुठेच नव्हता. आणि मी चहा निवेल म्हणून —

गुरुवार, ११ मे

स्टँडवर गेलो. नगरची गाडी अकराला लागली. एस्तेर उतरली. निळं लुगडं, तेच, लग्नानंतर घेतलेलं. पळत गेलो.

तिने मान वर केली. म्हणाली, भाऊ, शास्त्रशाळेला जायला टांगा कुठे मिळेल?

गळ्यात काळे मणी नव्हते.

ट्रंक उचलून टांग्यात ठेवली. देव तुमचं भलं करो, म्हणाली. माझ्याकडे बघून हसली — परक्याकडे बघून हसतात तेवढंच.

शुक्रवार, १२ मे

खोली झाडताहेत. नवे शिक्षक येणार. शेवंताबाईंनी माझ्या चपला खाटेखाली सरकवल्या. मी दारातच उभा होतो —

आज माझ्याही तोंडात येईना. आईने ठेवलेलं नाव. सकाळपासून शोधतोय. पहिलं अक्षर —

एस्तेर, ही वही दवाखान्याच्या खिडकीत ठेवतोय. तू वाचशील. ओळखणार नाहीस, पण वाच. यात मी एकही ओळ सोडलेली नाही. माझी लबाडीसुद्धा नाही. जसं झालं तसं उतरवलं.

तुझा नवरा,