गुरांच्या वाड्यातली कबर

त्लापाना टेकडी,
३ जुलै १९८४

ती. मोलेफीमामांना,
बोत्लालेचा सा. न. वि. वि.

घराण्यातली पहिली पदवीधर झाली आणि शेवटी रानडुकरासारखी माती उकरत बसली, हा तुमचा निरोप आईनं अगदी तुमच्याच आवाजात मला ऐकवला. उकरतेच आहे, मामा. पण काय सापडलं ते वाचा.

टेकडीच्या माथ्यावर जुना गुरांचा वाडा होता. त्यातलं शेण केव्हातरी पेटून दगडासारखं घट्ट झालं आहे. त्याच्या मधोमध एक कबर आहे. माणूस गुडघे छातीशी घेऊन निजलेलं, गळ्याशी निळे काचमणी. गुरांच्या वाड्यात आपण कोणाला पुरतो ते तुम्हाला काय सांगू? बायकांना घरामागच्या अंगणात, वाड्यात फक्त घरधनी. म्हणून तुम्ही रानात गुरांकडे होतात तेव्हाच मी चावडीत उभी राहून सांगून टाकलं, की हा कोणी मोठा पुरुष आहे. म्हातारे लगेच म्हणाले, की हा आपला मूळपुरुष मोत्लापीच, तो याच टेकडीवर गुरांमध्ये निजला होता.

अभ्यासासाठी हाडं राजधानीला जातील. संग्रहालयाचे साहेब म्हणतात, की घराण्यानं हक्क सांगितला तरच ती परत इथे पुरायला देतील, नाहीतर पेटीत घालून फळीवर ठेवतील. मोत्लापीच्या घराण्यात आज तुम्हीच वडील. मामा, हक्क सांगाल? कोणीही माणूस कायमचं फळीवर राहू नये, असं मला फार वाटतं.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.

तुमची भाची,
बोत्लाले

———

मोसेत्से,
२२ जुलै

चि. बोत्लालेस अनेक आशीर्वाद.

हक्क सांगितला. नुसता सांगितला नाही, चावडीत उभं राहून मोत्लापीपासून माझ्यापर्यंत सगळी वंशावळ म्हटली, एकदाही न अडखळता. केबोनये म्हातारा सोडून सगळे गप्प झाले. तो काय गप्प बसतोय! म्हणाला, की मोलेफी, मूळपुरुष परत आला तर आधी तुझी रोडकी गुरं बघून तुझ्या कानाखाली वाजवील.

काळा बैल निवडला आहे. त्याच्या कातड्यात गुंडाळून त्यांना ठेवू, जसं आमच्या वडिलांना ठेवलं. तुझी मामी ज्वारीची दारू घालायला बसली आहे. तुझ्या शिक्षणाला नावं ठेवत होतो, ती परत घेतो. निम्मी.

तब्येत सांभाळ. पाऊस येवो.

तुझा मामा,
मोलेफी

———

गाबोरोन,
१६ ऑगस्ट

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटे असताना वाचा.

हाडांना चिकटलेलं जळकं शेण काल पूर्ण निघालं. कंबरेचं हाड मोकळं झालं. मामा, ती बाई आहे. इथल्या तज्ज्ञ बाईंनी पाहिलं, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. शंका नाही. ते हाड मला टेकडीवरही थोडं दिसत होतं. पण कबर वाड्यात आहे म्हणजे पुरुषच, हे मी आधीच ठरवलं होतं. परकं कोणी असतं तर निदान आधी विचारलं असतं. मी आपल्यातली, म्हणून विचारलंच नाही.

अहवाल मी लिहायचा आहे. खरं लिहिलं तर मोत्लापीवरचा तुमचा हक्क पडतो आणि ती पेटीत राहते. नाही लिहिलं तर ती टेकडीवर परत जाते, पण दुसऱ्याच्या नावानं. मी खरंच लिहिणार आहे. फक्त ते चावडीतून तुमच्या कानावर पडू नये, म्हणून आधी तुम्हाला कळवते.

रागावलात तरी दूर लोटू नका.

बोत्लाले

———

मोसेत्से,
२७ ऑगस्ट

चि. बोत्लालेस आशीर्वाद.

लिहू नकोस. हाडांना तोंड नसतं, ती तक्रार करणार नाहीत. मी साऱ्या गावापुढे वंशावळ म्हटली आहे. ज्यांना आजोबा म्हणालो त्यांना आता आजी म्हणू? तुझ्या आईनं बकऱ्या विकून तुला शिकवलं, ते मला चावडीत मान खाली घालायला लावण्यासाठी नव्हे.

कोणत्याही नावानं का होईना, मातीत जाईल ना? तुलाच तर ते हवं होतं.

मामा

———

गाबोरोन,
१० सप्टेंबर

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

अहवाल दिला. साहेबांनी वाचून सांगितलं, की आता हिचं कोणी नाही. पेटी फळीवर गेली. मला उत्तरेकडच्या खोदकामावर पाठवत आहेत, उद्या निघते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सोपं गेलं नाही. मला ती मातीत जायला हवी होती, आजही हवी आहे. पण मामा, ज्यांनी तिला तिथे ठेवलं त्यांनाही रीत ठाऊक असेल. तरी त्यांनी एका बाईला गुरांच्या मधोमध जागा दिली. काहीतरी केलं असेल तिनं, कोणीतरी असेल ती. आपण तिच्यावर मोत्लापीचं नाव घातलं, तर ते सगळं आपण दुसऱ्यांदा पुरलं असतं.

तुमची मान खाली गेली, याचं दुःख मला त्या पेटीइतकंच आहे. उत्तर लिहिलं नाहीत तरी मी लिहीत राहीन.

बोत्लाले

———

मोसेत्से,
१४ ऑक्टोबर

चि. बोत्लालेस अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग होता. आता ऐक.

चावडीत मीच उठून सांगितलं. केबोनये इतका हसला, की त्याला पाणी पाजावं लागलं. म्हणाला, की मोलेफीनं ज्या तोंडानं आजोबा म्हटलं, त्याच तोंडानं त्यांना बाईचा झगा चढवला. मग पुरुष एकेक करून उठून गेले. परक्या बाईसाठी कोण बैल कापणार?

पण मी हक्क सांगितला तेव्हाच टेकडीवर, त्याच जुन्या वाड्यात, नवा खड्डा खणून झाला होता. उघडा खड्डा रिकामा ठेवला तर तो गावातलं माणूस मागतो. मी बुजवायला गेलो, तर कडेला गावातली थोरली म्मासेबिना आजी बसलेली. जन्मात जिनं गुरांच्या वाड्यात पाऊल टाकलं नाही, ती! मी ओरडलो. ती म्हणाली, की आत एक बाई आधीपासून आहे, मग मला कसली बंदी? दुसऱ्या दिवशी तुझी आई आली, मग तुझी मामी दारूचं मडकं घेऊन. आळीपाळीनं बसू लागल्या. खड्डा बुजवू देईनात.

शेवटी मी राजधानीला कळवलं. साहेब जीप घेऊन समजूत घालायला आले. म्मासेबिना आजीनं त्यांना विचारलं, की हिचं कोणी नाही म्हणता, तर मग आम्ही इथे बसून कोणाची वाट बघतोय? साहेबांनी वही काढून तिथे बसलेल्या बायकांची नावं हक्कदार म्हणून लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात पेटी आली.

बैल मी कापला. उठून गेलेले पुरुषही एकेक करून टेकडीवर आले. कातड्यात गुंडाळून, गुडघे छातीशी, तू काढलीस तशीच ठेवली. मणीही गळ्याशी. मग बोलायची वेळ आली. वंशावळ कामाची नव्हती. तिच्या कुळाचं देवक मगर की हत्ती, तेही ठाऊक नाही, मग त्या नावानं हाक कशी मारू? केबोनये मागून पुटपुटला, की बोल बाबा, नाहीतर या उन्हात आम्हालाही तिच्याशेजारी ठेवावं लागेल. मग मी वाकलो आणि एवढंच म्हणालो, की बाई, आम्ही तुम्हाला उठवलं आणि भलत्याच नावानं हाक मारली. तुम्ही कोण ते आम्हाला ठाऊक नाही. निजा आता.

पहिली मूठ म्मासेबिना आजीनं टाकली. मग पुरुषांनी.

उत्तरेत ऊन फार, डोकं झाकून काम कर. पाऊस येवो.

तुझा मामा,
मोलेफी