आंघोळीने बोथट होणारं पोलाद

तीर्थस्वरूप साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे. पत्र मात्र सांगण्यावरून लिहितो आहे. सांगणारी समोरच बसली आहे.) आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली मला अर्धीच कळते, कारण दोघी बहिणींचं रोज फोनवर बोलणं होतं आणि मी खोलीत पाऊल टाकलं की आमच्या बाजूचा आवाज एकदम खाली येतो. तुमचा गुडघा शेक दिल्यावर बरा आहे इथवर ऐकू आलं, पुढे दार लागलं. तर गुडघ्याचं पुढे काय झालं ते जरूर कळवावं.

आपलं बोलणं बंद झालं त्याला सासूबाईंच्या घरची ती सुतळी कारण झाली. खोकं टेबलावर, सुतळी त्याला घट्ट बांधलेली, आणि आपण दोघांनी एकाच वेळी खिशातून चाकू काढले. तुम्ही म्हणालात, खिशात बाळगायच्या घडीच्या चाकूला साधं कार्बन पोलादच हवं; गंजेल, पण दोन मिनिटांत धार घेईल. मी म्हणालो, ते दिवस गेले. आता भुकटी दाबून केलेलं कडक पोलाद मिळतं, त्याला वर्षभर दगड दाखवावा लागत नाही. (या नव्या पोलादांची नावं गाड्यांच्या नंबरांसारखी असतात, त्यामुळे वाद घालताना पाठ म्हणून दाखवली की वजन पडतं.) तुम्ही म्हणालात, ज्याला धार लावता येत नाही त्याने चाकू बाळगू नये. मी म्हणालो, ज्याची रोज सेवा करावी लागते त्याला चाकू म्हणत नाहीत, आजारी माणूस म्हणतात. वाद जेवणापर्यंत पोचला, तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि रागाच्या भरात तुमचा चाकू तिथेच राहिला, तो मी घरी आणला. सुतळी शेवटी सासूबाईंनी दातांनी तोडली.

आता येत्या रविवारी सासूबाईंना लहान घरात हलवायचं आहे. मी तिथे असेन तोवर आपण येणार नाही, असा आपला निरोप मिळाला. सासूबाई म्हणाल्या, जावई पाळीपाळीने येणार असतील तर त्यापेक्षा हमाल परवडले. हे बोलून त्या हसल्या आणि मग कितीतरी वेळ रिकाम्या कपाटासमोर बसून राहिल्या. हिने हे सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. म्हणून ठरवलं की वाद एकदाचा निकालात काढायचा, आणि तोही निःपक्षपातीपणे, म्हणजे माझं म्हणणं खरं ठरवून.

मी फरशा आणि नळांच्या गोदामात आवक विभाग सांभाळतो हे आपण जाणताच. दिवसभर खोकी फोडायची, प्लास्टिकच्या पट्ट्या तोडायच्या. पोलादाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. सकाळची खोकी तुमच्या चाकूने, दुपारची माझ्या. (तुमचा चाकू मी वापरला, याचा राग मानू नये. प्रतिस्पर्ध्याशिवाय कुस्ती होत नाही.) घरी आलो की दोन्ही पात्यांनी वर्तमानपत्राची पट्टी कापून बघायची, मग आंघोळ, मग चहा. पहिल्या संध्याकाळी दोन्ही पाती कागदातून अलगद गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोन्ही पाती कागद कापेनात, फाडू लागली. तुमचं पातं मी हिच्या कपाच्या बुडावर चार वेळा ओढलं आणि ते मुकाट्याने ताळ्यावर आलं. माझं येईना. कपाचं बूड झिजलं, माझं पातं जसंच्या तसं. कडक पोलाद धार सोडत नाही हे खरं असेल, पण एकदा सोडली की परतही घेत नाही.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी धार कशीबशी आणायची आणि सकाळी ती गायब! मी चक्रावून गेलो. माझा चाकू विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, चाकू कापण्याव्यतिरिक्त कशाला वापरता का? मी त्याला तिथल्या तिथे झापलं. गोदामाच्या पहारेकऱ्याचं मत पडलं की पोलाद झोपेत शिळं होतं. हे मला शास्त्रीय वाटलं नाही. पण मधे मला ताप आला, दोन दिवस आंघोळ केली नाही, आणि त्या दोन्ही दिवशी धार शाबूत राहिली! तापातच उठून बसलो. सगळा उलगडा झाला होता: न्हाणीघरातली वाफ घरभर पसरते आणि पोलादाला बाधते. (माहितीपत्रकात याविषयी अवाक्षर नाही. कंपनीला कळवलं आहे. अजून उत्तर नाही, बहुधा हादरले असावेत.) खात्री करण्यासाठी ताप उतरल्यावरही मी आंघोळ बंदच ठेवली. धार टिकली, पण घरात माझा निभाव लागेना. हिने टॉवेल हातात दिला आणि शास्त्राचा मार्ग तिथेच बंद झाला.

तेव्हा साडूभाऊ, मी हरलो. ज्या माणसाला आंघोळ करायची आहे त्याने कार्बन पोलादच बाळगावं, आणि धार लावायला शिकावं. तुमचं म्हणणं खरं होतं, हे मी हिच्यादेखत लिहीत आहे. रविवारी सगळी खोकी बांधायची आणि सोडायची आहेत, आणि माझ्याकडे दोन चाकू असून एकानेही धड सुतळी कापली जात नाही. आपल्याकडचा तो हिऱ्याच्या पुडीचा दगड घेऊन लवकर यावं. सासूबाईंचे दात आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत.

मोठ्या वन्सं... चुकलो, मोठ्या मेहुणीबाईंना नमस्कार. (ही मागून घाई करते आहे, त्यामुळे नाती इकडची तिकडे होतात.)

आपला,
धाकटा साडू

ता. क. तुमचा चाकू पुसून, तेलाचं बोट लावून ठेवला आहे. रविवारी मी स्वतः हातात देईन.

आणखी ता. क. एक लिहायचं राहिलं. तो चाकू आपल्या सासऱ्यांनी तुम्हाला दिला आणि मला घड्याळ दिलं. घड्याळ उत्तम चालतं, तक्रार नाही. पण चाकू देताना ते तुम्हाला शेजारी बसवून दुपारभर धार लावायला शिकवत होते, ते मी दारातून बघत उभा होतो. मला हाक मारतील असं वाटलं होतं. मारली नाही. आता ते नाहीत. तेव्हा दगड आणाल तेव्हा नुसती धार लावून देऊ नका. मला शेजारी बसवा.

भावोजींना नमस्कार. पाकीट मीच चिकटवते, म्हणून ह्या चार ओळी. हे आंघोळीला गेले की मी दोन्ही चाकू मागच्या दगडी पायरीवर घासत होते. युक्ती ताईची, मनगट माझं. धार गेल्याशिवाय तुमची आठवण निघणार नाही, असं ताई म्हणाली आणि तसंच झालं. तुमचा चाकू दोनदा घासला की पुरायचं. ह्यांचा मात्र मेला दमवून सोडायचा. पायरीला खाच पडली पण तो सहजी बोथट होईना. म्हणजे खरे ह्यांचेच बोल. पण हे ह्यांना कळू देऊ नका, भावोजी. मोठ्या मुश्किलीने हरले आहेत.