शुक्र तीन मिलिमीटरचा

८ फेब्रु. २००४, रविवार
आमच्या खगोल मंडळाची बैठक. ८ जूनला शुक्र सूर्यासमोरून जाणार, त्याआधी शाळांना वाटायला पुस्तिका काढायची. मजकूर मी लिहिणार, आकृत्या अर्थातच नाना काढणार, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले. आजवर मंडळाच्या एकूण एक आकृत्या माझ्या वडिलांनीच काढल्यात. सेक्रेटरी देवरे सर म्हणाले, "आता हाताने काढलेलं नको, शैलाताई. छापखाना फाइल मागतो."
घरी येऊन सांगितलं. नानांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. हल्ली हेच करतात. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.

१५ फेब्रु.
कोरल हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. आमचं डीटीपी करणारी कविता तेच वापरते, म्हणजे सगळ्यात सोयीचं. नानांनी माऊस धरला. वर्तुळ ओढताना हात थरथरला आणि सूर्याचं अंडं झालं. म्हटलं, एका हाताने कंट्रोल दाबून ठेवा, गोलच येईल.
"एक हात धड चालत नाही, दुसरा आणखी कुठे गुंतवू?"
हसले. मी माऊसवर चिडले, त्याच्या गोळीत कचरा अडकलाय म्हणून. चांगला स्वच्छ होता.

२२ फेब्रु.
ओझरला नानांच्या जुन्या ड्रॉइंग ऑफिसात आता सगळे ऑटोकॅडवर. त्यांच्या हाताखाली शिकलेले एक गृहस्थ येऊन दाखवून गेले. आकडे टाइप करून रेघ मारता येते, नाना खूश. पण आमचं मशीन ते पेलेना, दर दहा मिनिटांनी हँग. शिवाय कविताकडे ती फाइल धड उघडत नाही. बाद.
डॉक्टरांनी गोळी वाढवली. कंपवात हा शब्द नाना उच्चारत नाहीत, "हाताचं" म्हणतात. हाताचं वाढलंय.

७ मार्च
कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून घोस्टस्क्रिप्ट उतरवून आणलं. यात चित्र काढायचंच नाही, लिहायचं. मध्यबिंदू, त्रिज्या, शून्य ते तीनशे साठ अंश, की झालं वर्तुळ. सगळं मिलिमीटरमध्ये करणारी ओळ मी वर टाकून दिली. नाना डाव्या हाताने उजवं मनगट धरून एका बोटाने टाइप करत होते. चार ओळींना वीस मिनिटं.
वर्तुळ उमटलं. गोल, अगदी गोल.
खुर्ची मागे सारून बघत बसले. "सूर्य शहाण्णव, शुक्र तीन. मापातच काढायचा. लोकांना कळू दे केवढासा असतो ते."
मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदानेच, बहुतेक.

२८ मार्च
एक अडचण. बोट कळीवर दोनदा पडतं. सूर्याच्या त्रिज्येचे ४८ चे ४८८ होतात, सूर्य पानाबाहेर. चूक स्वतः शोधतात, मला हात लावू देत नाहीत. एका आकृतीला आठवडा. देवरे सरांचे तीन फोन.

११ एप्रिल
कविताने मजकूर टाइप करून दिला. 'शुक्राचे अधिक्रमण' जिथे जिथे होतं तिथे तिथे 'शुक्राचे अतिक्रमण'.
"मॅडम, अधिक्रमण असा शब्द असतो का? मला वाटलं तुमचीच चूक आहे, म्हणून मी दुरुस्त करून टाकलं."
नाना म्हणाले, "महापालिकेला कळवा, शुक्राची टपरी उठवतील."
कितीतरी दिवसांनी घरात मोठ्याने हसलो.

२ मे
नानांची फाइल कविताकडे नेली. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. नानांना सांगितलं तर म्हणाले, "अक्षरं तिला टाकू दे. रेघा माझ्या राहू देत."
देवरे सरांना बाणही नकोत, आकृती स्वच्छ हवी. आकृतीखाली एकच ओळ: 'काळा ठिपका म्हणजे शुक्र.'

१६ मे
हे लिहायलाच हवं. नानांनी फ्लॉपी दिली, वर स्वतःच्या हाताने 'अंतिम' लिहून. अक्षर लागत नव्हतं. कविताच्या दुकानात उघडली, तर शुक्राच्या मार्गाची तुटक रेघ सूर्याला सोडून भलतीकडेच. पुन्हा एखादा आकडा डबल. घरी परत न्यायची तर आणखी आठवडा, आणि छापखान्याला उद्या द्यायची.
कविता म्हणाली, "मी कोरलमध्ये काढून देऊ का? अर्धा तास."
म्हटलं, काढ.
समासात बसेना म्हणून तिने जराशी लहान केली. म्हटलं, चालेल. छापून आल्यावर नानांना कुठे कळणार, असंही मनात आलं. लाज वाटली, तरी केलं. घरी "दिली" एवढंच सांगितलं. फ्लॉपी पर्समध्येच आहे.

३ जून, गुरुवार
पुस्तिका आल्या. पाचशे. पान अकरा: सूर्य आहे, तुटक रेघ आहे, खाली 'काळा ठिपका म्हणजे शुक्र' आहे. ठिपका नाही.
कविता रडकुंडीला आली. "प्रिंटमध्ये होता मॅडम, शप्पथ! छापखान्यात फिल्म साफ करणाऱ्याला तो डाग वाटला, त्याने ब्लेडने खरवडून टाकला."
घरी नानांनी पान अकरा उघडलं. मग म्हणाले, "शुक्राची ओळ माझ्याकडूनच पुसली गेली असणार. बोट लागलं असेल कुठेतरी. माफ कर गं शैला, तुझं पुस्तक बिघडवलं मी."
तेव्हाच सांगायला हवं होतं. देवरे सरांना फोनवर सगळं सांगितलं, बापाला नाही.

५ जून
सकाळी बघते तर नाना टेबलाशी. कपाटातून जुनी गोल भोकांची पट्टी काढलेली, शाईचं पेन धुतलेलं. पट्टीतलं तीन मिलिमीटरचं भोक कागदावर ठेवायचं, पेन आत टेकवायचं, गोल भरायचं. भोकाच्या कडेमुळे हात बाहेर जाऊ शकत नाही. मी पुस्तिका उघडून पुढे सरकवायची, भरली की वाळत ठेवायची. संध्याकाळपर्यंत दोनशे. एकही शुक्र वाकडा नाही.
"चूक ज्याची, त्याने निस्तरावी," म्हणाले. मी मान खाली घालून पानं उलटत राहिले.

६ जून
दुपारी चहाला थांबले तेव्हा सहज म्हणून त्यांनी मोजपट्टी सूर्यावर ठेवली. चाळीस वर्षांची सवय. पुन्हा ठेवली. दुसरी पुस्तिका घेतली, तिच्यावरही ठेवली.
"चौऱ्याण्णव."
नानांचा सूर्य शहाण्णवचा होता. त्यांनी मार्गाच्या तुटक रेघेवरून बोट फिरवलं. ती त्यांची रेघ नाही, हे त्यांना दिसलं. दिसलंच. चष्मा काढून पुसला.
"कागद आटतो कधीकधी," म्हणाले.
मी हो म्हणाले.
पुन्हा पट्टी उचलून कामाला लागले. मी पुढची पुस्तिका सरकवली. यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

७ जून
पाचशे झाल्या. देवरे सर येऊन घेऊन गेले. "नाना, कमाल केलीत!" नाना म्हणाले, "आकृती छान आलीय. शैलाने बघून घेतली सगळी."
टोमणा होता की नव्हता, कळलं नाही. आवाज तर नेहमीचाच होता.

८ जून, मंगळवार, सकाळ
ढग आहेत, पण विरळ. पावणेअकराच्या सुमारास सुरू होईल. गच्चीवर दुर्बीण लावली, पांढरा पुठ्ठा लावला. सूर्य पुठ्ठ्यावर पडला की शुक्र मोजायचा असं नानांनी कालच ठरवलंय, मोजपट्टी त्यांच्या खिशात आहे.
ते अंघोळीला गेलेत. पर्समधली फ्लॉपी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, 'अंतिम' दिसेल अशी. दोनदा उचलली, पुन्हा ठेवली. काय बोलायचं ते अजून
न्हाणीघराची कडी वाजली.